रिकामी वाजवलेली रायफल

मी एक जुनी एअर रायफल आहे, आणि सुरुवातीलाच सांगते, मित्रांनो, मला तुमची कीव नको. कीव करायचीच असेल तर शेवटपर्यंत थांबा. तिथे एक माणूस आहे तुमच्या कामाचा.

माझी नळी मुळापाशी मोडता येते. मोडली की पोटातली जाड स्प्रिंग दबते. मग नळीत शिशाचा छोटा छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, दस्ता खांद्याला लावायचा आणि चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, पुढची हवा दाबते आणि ती हवा छर्ऱ्याला दहा मीटरवरच्या कागदावर पोचवते. सांगायला सोपं आहे. ज्या कारखान्यात मी घडले तिथल्या फिटरने मला तपासताना पाच छर्रे मारले आणि पाचही एकाच भोकातून गेले. तो म्हणाला होता, ही नशीब काढणार. त्याच्या नशिबाविषयीच्या कल्पनाच वेगळ्या असाव्यात.

मला विकत घेतलं दोघांनी, भावाने आणि बहिणीने, अर्धे-अर्धे पैसे घालून. भाऊ वीजबिल भरण्याच्या खिडकीवर रोखपाल होता. ती त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणते. नाहीतर त्याला म्हणायला माझ्याकडे दुसरे शब्द आहेत, पण तुम्ही लहान आहात. बहीण धाकटी. ती दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. त्यातही तिच्याकडे पुढचे दात असायचे. पुढचे दात सगळ्यांना घडवता येत नाहीत. मेणात एकेक दात बसवायचा, बारीक सुरीने कड काढायची, जरा हात हलला तर माणूस जन्मभर वाकडा हसणार. तिचा हात हलत नसे. मालक नव्या माणसांना तिच्या टेबलापाशी आणून उभं करायचा आणि सांगायचा, नुसतं बघा.

दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. आईवडील गेल्यावर दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती. रविवारी करायचं काय, हा प्रश्न होता. एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात नेमबाजीचा क्लब होता. दादा तिथे एकदा गेला आणि नादी लागला. मागोमाग तीही गेली, कारण दादा गेला होता.

आता छंद म्हटला की खर्च आला. माझी किंमत ही तर नुसती सुरुवात असते, हे दुकानदार कधी सांगत नाही. छर्रे लागतात, कागदाची टार्गेटं लागतात, उभं राहून मारायच्या जागेचं, म्हणजे लेनचं, तासाचं भाडं लागतं, जाड कॅनव्हासचं जाकीट लागतं. दादाने त्यासाठी एक वही केली. रोखपालच तो, पैसे मोजणं त्याच्या बोटांत होतं. काटकसरीच्या युक्त्या त्याला कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. टार्गेटच्या कागदावर पाचऐवजी दहा छर्रे मारायचे. मग भोकांवर मागून कागदी टिकल्या चिकटवून तोच कागद पुन्हा वापरायचा. लेन दोघांत एकच घ्यायची. जाकीट जुनं घ्यायचं, एकच, दादाच्या मापाचं. धाकटी बाह्या दोनदा दुमडून घालायची आणि तरी ते तिच्या अंगावर तंबूसारखं लोंबायचं.

इथपर्यंत मला काही म्हणायचं नाही. काटकसर वाईट नसते. पण ती कुणाच्या वाट्याची होते, ते मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. लेनचा तास घेतला की चाळीस मिनिटं दादाची आणि वीस तिची. त्या विसातली पाच-सात टिकल्या चिकटवण्यात जायची, कारण टिकल्या चिकटवणं तिचं काम. स्वस्तातला डबा आणला की दादा रविवारी सकाळी छर्रे काचेच्या तुकड्यावरून घरंगळत सोडायचा. सरळ धावले ते त्याच्या डबीत. वाकडे गेले, कडेला चेपलेले निघाले, ते तिच्या डबीत. तो म्हणायचा, तू अजून शिकतेयस, तुला काय फरक पडतो? ती म्हणायची, खरंच आहे. पैसे मात्र अर्धे-अर्धे. त्यात त्याने कधी चूक केली नाही.

आणि गंमत ऐका. वाकड्या छर्ऱ्यांनी ती त्याच्यापेक्षा बरी मारायची. फार नाही, थोडीच, पण सारखी. माझ्या दस्त्याला तिचा गाल लागला की मला आतून शांत वाटायचं. दादा धरायचा तेव्हा त्याच्या मनगटातली घाई माझ्या नळीच्या टोकापर्यंत पोचायची. मला धाकटी आवडायची, हे कबूल करते. पण म्हणून मी तिच्यासाठी काही केलं, असं समजू नका. मी लोखंड आणि लाकूड आहे. मी फक्त सुटते.

मग दादाने कुठेतरी वाचलं की मोठमोठे नेमबाज घरी रिकाम्या रायफलीने सराव करतात. छर्रा घालायचा नाही, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. खर्च शून्य. दादाला तर मोठा शोध लागल्यासारखंच झालं. त्याने भिंतीवर कोटाचं काळं बटण चिकटवलं आणि धाकटीला सांगितलं, आता तुला छर्ऱ्यांची गरजच नाही, रोज संध्याकाळी या बटणावर मार. फुकट आहे.

मित्रांनो, आता कान देऊन ऐका, कारण इथे माझा जीव गेला. मोठ्या नेमबाजांच्या रायफली वेगळ्या असतात. त्यांना रिकाम्या सरावासाठी वेगळा खटका असतो. तो दाबला की आत काही हलतच नाही, नुसता चाप वाजतो. माझ्यात तो खटका नाही. माझ्या नळीत छर्रा नसला, तर स्प्रिंगपुढच्या हवेला अडवायला कुणी नसतं, आणि आतला दट्ट्या भरवेगात जाऊन लोखंडी भिंतीवर आदळतो. छर्रा हीच माझी उशी आहे. रोज संध्याकाळी चाळीस वेळा ती बिचारी मन लावून माझं डोकं भिंतीवर आपटत होती. दहा महिने! आधी चामड्याचा वायसर फाटला. मग स्प्रिंगला तडा गेला. मला ओरडता आलं असतं तर सगळी इमारत गोळा झाली असती. तिला मात्र वाटायचं, आज छान सराव झाला.

त्याच सुमारास क्लबच्या संघात एक जागा रिकामी झाली. जागा मिळेल त्याला क्लबची नवीकोरी रायफल वापरायला, छर्रे क्लबचे, लेन वर्षभर फुकट, बाहेरगावच्या स्पर्धेचा प्रवासखर्चही क्लबचा. म्हणजे छंदाचा खर्चच संपला. पाच जणांनी नावं दिली. त्यातल्या तिघांकडे कुणी लक्षही देत नव्हतं. उरले दादा आणि धाकटी, आणि दोघांत मी एक.

धाकटीने ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तिला ती जागा फार हवी होती. तिच्या मापाचं जाकीट मिळालं असतं. डबा उघडून हाताला येईल तो छर्रा सरळ निघाला असता. सगळा जन्म दुसऱ्यांचे दात नीट बसवणाऱ्या बाईला एकदा स्वतःच्या नावापुढे काहीतरी लिहून यायला हवं होतं. दादालाही ती हवीच होती. त्याने वहीत मागच्या दोन वर्षांची बेरीज केली होती, आणि ती बेरीज त्याच्या जिवाला लागली होती.

निवडचाचणी रविवारी. त्याआधीच्या मंगळवारी दादा मला एकटाच क्लबच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. माझा आवाज बदललाय, एवढं त्याच्या कानाला कळलं होतं. दुरुस्तीवाल्याला सगळे स्क्रू काका म्हणतात, कारण काम करताना तो ओठांत स्क्रू धरून बोलतो. काकाने मला उघडलं, स्प्रिंगवर बॅटरी मारली आणि ओठांतले स्क्रू काढून ठेवले. तो एवढंच म्हणाला, "हिला रिकामी वाजवलीत ना? स्प्रिंग तडकलीय. दोनशे बार निघतील अजून. पुढची हमी माझी नाही."

नव्या स्प्रिंगचा आणि वायसरचा खर्च विचारला, तर तो माझ्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढा निघाला. दादाने थोडा वेळ काकाच्या टेबलावरच्या तेलाच्या डागाकडे बघितलं. मग म्हणाला, राहू द्या, सध्या नको. काकाने मला पुन्हा जोडलं.

घरी येऊन दादाने धाकटीला सांगितलं की रायफल सर्व्हिसिंगला टाकायला हवी, अर्धे पैसे दे. तिने कपाटातून काढून दिले. नवा चष्मा करायला ठेवलेले होते ते. दादाने मला दोन दिवस आपल्या ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवलं. गुरुवारी आणताना वाटेत शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि माझ्या लाकडाला चोळलं, बाहेरून. धाकटीने मला हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, किती छान केलीय रे. मला शरम वाटायला हवी होती. पण मी चकचकीत दिसत होते, आणि खरं सांगते, मला ते बरं वाटलं.

तिच्या पैशांचं काय केलं? एक छोटा डबा आणला, उंची छर्ऱ्यांचा, एकही वाकडा नसलेला. रविवारसाठी.

त्या संध्याकाळी दादा वही घेऊन बसला. मी टेबलाला टेकलेली होते, मला पान दिसत होतं. वरती लिहिलं होतं दोनशे. त्याखाली गुरुवार, शुक्रवार, शनिवार, चाळीस-चाळीस. त्याखाली स्वतःचे पन्नास, म्हणजे सरावाचे दहा आणि मोजायचे चाळीस. बेरीज एकशे सत्तर. उरले तीस. तिला लागणार होते पन्नास. त्याने तिसाखाली एक रेघ मारली, नीट, पट्टी धरून मारावी तशी. मग हाक मारून म्हणाला, अगं, या तीन दिवसांत सराव चुकवू नकोस हं, रोज चाळीस. ती म्हणाली, नाही चुकवणार.

तिने तीनही संध्याकाळी चाळीस-चाळीस मारले. एकही चुकवला नाही.

रविवारी चिठ्ठ्या टाकल्या, तर तिची चिठ्ठी आधी निघाली. म्हणजे आपोआपच सगळं सरळ झालं असतं. पण दादा सेक्रेटरीकडे गेला, हसून काहीतरी बोलला आणि नंबर बदलून घेतला. तिला सांगितलं, तू नंतर मार, म्हणजे माझं बघून तुला अंदाज येईल. तिला ते मायेचं वाटलं. तिने त्याच्यासाठी पाण्याची बाटलीही भरून आणली.

दादाने तीनशे अठ्ठावन्न केले, चारशेपैकी. त्याच्या मानाने फारच बरे. मग मला तिच्या हातात दिलं आणि उंची छर्ऱ्यांचा डबाही दिला. म्हणाला, यातले चाळीस तुझे, माझ्याकडून. तिचे डोळे भरून आले. तिच्याच चष्म्याच्या पैशांचे छर्रे होते ते.

मित्रांनो, त्या दिवशी ती जशी मारत होती तसं मला कुणी कधी मारलं नव्हतं. पहिल्यांदाच तिला सरळ छर्रे मिळाले होते. दहा, नऊ, दहा, दहा. मागे उभी असलेली माणसं बोलायची थांबली. चोवीस छर्ऱ्यांनंतर तिचे दोनशे सत्तावीस होते. उरलेल्या सोळांत प्रत्येकी आठ-साडेआठ केले असते तरी जागा तिची होती, आणि ती आठावर कधी उतरतच नव्हती. दादा भिंतीला टेकून उभा होता आणि ओठ हलवत मोजत होता. सगळ्यांना वाटलं, बहिणीचे गुण मोजतोय.

पंचविसाव्या छर्ऱ्याला माझी स्प्रिंग तुटली. आत दोन तुकडे झाले आणि एक दुसऱ्यात घुसला. छर्रा बाहेर पडला खरा, पण जोर नव्हता. तो खाली जाऊन पाचाच्या वर्तुळात लागला. तिने पापणी मिटली, श्वास घेतला, पुढचा भरला. सहा. पुढचा चार. मागे कुणीतरी चुकचुकलं. तिने नेम मुद्दाम वर धरून पाहिला आणि सलग तीन दहा काढले. तुटक्या रायफलीने तीन दहा, सांगा कुणाला खरं वाटेल का? मग तुकडे आणखी सरकले आणि छर्रे कुठेही जायला लागले. तिने अर्ध्यात सोडलं नाही. चाळीस पुरे केले. शेवटी तीनशे सेहेचाळीस झाले. बारा कमी पडले.

ती दादाकडे वळून म्हणाली, रायफलीत काही झालंय का रे? काका त्या दिवशी आला नव्हता, लेकीकडे गेला होता. ते दादाला माहीत असणारच.

दादा म्हणाला, "रायफलीला काय धाड भरलीय? आत्ताच सर्व्हिसिंग केलं ना? तुझा हात हलायला लागलाय."

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. दादा सांगतो म्हणजे खरंच असणार, असं तिचं लहानपणापासूनचं गणित होतं. तिने त्याचं अभिनंदन केलं आणि माझी पिशवी बांधली.

त्यानंतर ती क्लबात गेली नाही. दादाला नवी रायफल मिळाली, काळी, गुळगुळीत, रिकाम्या सरावाचा खटका असलेली. तो तिला आठवड्यातून तीनदा कापडाने पुसायचा. मला महिनाभर कुणी हात लावला नाही. मग एकदा तो धाकटीला म्हणाला, आता जुनीतला माझा अर्धा हिस्सा तूच घे, तुला हातासाठी सराव लागेल. किंमत लावताना सर्व्हिसिंगचा आपला हिस्साही धरला. तिने चार हप्त्यांत दिले. पावती मागितली नाही.

ती रोज संध्याकाळी त्या बटणावर मला वाजवायची आणि हात बघायची. माझ्या पोटात लोखंडाचे तुकडे खळखळायचे. तिला वाटायचं, म्हातारी झालीय. प्रयोगशाळेतही ती सुरी उचलण्याआधी हात बघायला लागली. बघायला लागली की थांबायची. थांबली की पुन्हा बघायची. शेवटी तिनेच मालकाला सांगितलं की माझा हात हलतो, पुढचे दात दुसऱ्या कुणाला द्या. मालकाला पटेना, पण तिने हट्ट धरला. खोट्या दातांनी कुणाचं तोंड बिघडू नये म्हणून. मग तिला साच्यांसाठी प्लास्टर कालवायला बसवलं, आणि पगार तिसऱ्या हिश्श्याने उतरला. घरी येताना तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या. दादा रोज समोर बसून जेवत होता आणि हे सगळं ऐकत होता. एक वाक्य सांगायचं होतं त्याला. त्याने भाजी वाढून घेतली.

वर्षाने तिने मला विकायचं ठरवलं. नसांच्या डॉक्टरची फी जमवायची होती. ती मला स्क्रू काकाकडे घेऊन गेली. काकाने मला उघडलं आणि स्प्रिंगचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"हे तुमच्या दादांना दाखवलं होतं मी," तो म्हणाला. "चाचणीच्या आधीच्या मंगळवारी. ते नको म्हणाले."

तिने विचारलं, सर्व्हिसिंग? काकाने विचारलं, कसलं सर्व्हिसिंग?

 तिने दोन्ही तुकडे उचलून रुमालात बांधले, काकाला म्हणाली की हिला नवी स्प्रिंग घाला, पूर्ण पैसे मी देते, आणि निघून गेली. पुढचं तिनेच परत आल्यावर काकाला सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. ती वीजबिलाच्या रांगेत उभी राहिली. पुढे सात माणसं होती, ती मध्ये घुसली नाही. नंबर आल्यावर काचेखालच्या खाचेतून रुमाल आत सरकवला. दादाने रुमाल उघडला, तुकडे पाहिले आणि ओळखले. ती म्हणाली, मी अर्धे पैसे दिले होते.

दादाने मागच्या रांगेकडे पाहिलं, आवाज खाली केला आणि विचारलं, "पावती आहे तुझ्याकडे?"

मग रुमाल तिच्याकडे परत सरकवला आणि पुढच्या माणसाकडे बिल मागितलं.

मित्रांनो, मी आता अगदी ठणठणीत आहे. काकाने नवी स्प्रिंग घातली, नवा वायसर घातला, स्वतः पाच छर्रे मारले. कारखान्यातल्यासारखे पाचही एका भोकात. ती मला घ्यायला आली तेव्हा काकाने एक छर्रा तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, रायफलीचाच दोष होता बाई, मारून बघा आता, हात तर काही हलत नाही तुमचा. तिने मला उचललं. छर्रा भरण्याआधी सवयीने नुसता नेम धरला. गाल दस्त्याला लागला. मी वाट बघत होते त्या शांततेची.

माझ्या नळीच्या टोकावरची, नेम धरायची लोखंडी माशी थरथरत होती. मंगळवारच्या त्या स्प्रिंगला तडा होता, तिच्या हाताला नव्हता. पण वर्षभर त्या हाताकडे रोज संशयाने बघितलं गेलं होतं, आणि तो आता खरोखरच हलत होता. काकालाही ते दिसलं. त्याने तोंड फिरवलं आणि उगाच एक स्क्रू शोधायला लागला.

तिने मला टेबलावर ठेवलं आणि छर्रा काकाच्या डब्यात परत टाकला.

"नको काका," ती म्हणाली. "वाया जाईल."

ती मला न्यायला पुन्हा आली नाही. मी काकाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे, तेल लावलेली, तयार. दादा कधीकधी क्लबच्या रायफलीचं काम घेऊन येतो तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसतो. संघाकडून त्याला यंदा बिल्लाही मिळालाय.

आता अशा वेळी मी तुम्हाला काहीतरी विनवावं अशी रीत आहे, तर विनवते. माझ्या जातीची रायफल हाती आली तर तिला छर्ऱ्याशिवाय वाजवू नका. आणि तुमच्या घरात दोघांत मिळून एखादी वस्तू घेतली असेल, तर आज संध्याकाळी जरा बघा, सरळ छर्रे कुणाच्या डबीत जातात आणि टिकल्या कोण चिकटवतं. चिकटवणारे तुम्ही असाल तर पावती मागा. दुसरे असाल, तर तुम्हाला मी काय सांगू? तुमचे तीनशे अठ्ठावन्न झालेलेच आहेत.